होडी आपली, मग हिशेब दुसऱ्याचा का?

मच्छीमार बंधूंनो, शेतकरी बांधवांनो आणि गावच्या कारभाराचे दप्तर सांभाळणाऱ्या मंडळींनो, आज जरा हिशेबाचे बोलू. विषय रुक्ष आहे, कबूल. पण दर्यावर जीव घालून आणलेल्या मासळीचे नि चिखलात राबून पिकवलेल्या भाताचे शेवटी काय उरले, हे सांगणारा दुसरा विषय नाही. आणि नेमके तेच आपल्याला सांगता येत नाही.

उत्तनचेच घ्या. भाईंदरच्या पश्चिमेला, चौक, पाली, डोंगरीच्या शेजारचे हे कोळ्यांचे गाव. डोलीची जाळी, बोंबील, जवळा, मांदेली, करंदी, आणि किनाऱ्यावर बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील. मिरा-भाईंदरची नगरपरिषद १९८५ साली झाली, २००२ साली महापालिका झाली, उत्तन शहराच्या हद्दीत गेले. पण धंदा दर्याचाच राहिला. या गावातल्या कोणत्याही नाखव्याला विचारा, गेल्या मोसमात होडीने किती फेऱ्या केल्या? तो अंदाज सांगेल. किती लिटर डिझेल जाळले? अंदाज. बोंबलाला सरासरी भाव काय पडला? अंदाजच. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या उचलीतले किती फिटले? इथे मात्र तो म्हणेल, "त्याच्या वहीत आहे."

बघा, होडी आपली, जाळे आपले, खलाशी आपले, धोका आपला, आणि वही दुसऱ्याची. भातशेतीत, वाडीत वेगळे काय आहे? चिकूच्या पेट्या किती गेल्या ते अडत्याच्या पट्टीवर, खताची उधारी दुकानदाराच्या चोपडीत, पीककर्ज सोसायटीच्या खात्यात. आपल्याकडे काय? घडी घातलेले कागद आणि घरच्या बाईची स्मरणशक्ती. कोळणीची स्मरणशक्ती दांडगी खरी. टोपली किती, गिऱ्हाईक कोण, बाकी किती, हे तिला तोंडपाठ असते. पण तोंडपाठ हिशेब बँकेत चालत नाही, पंचनाम्यात चालत नाही, आणि वाद झाला तर व्यापाऱ्यापुढेही चालत नाही. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण उगाच पडलेली नाही.

यावर उपाय म्हणजे लिहून ठेवणे. आणि लिहायचेच तर अशा ठिकाणी लिहावे, की बेरीज, गुणाकार, सरासरी आपोआप व्हावी. असे साधन आज जवळपास प्रत्येक घरातल्या मोबाइलवर चालते. त्याला स्प्रेडशीट म्हणतात. आपण त्याला हिशेबाचा तक्ता म्हणू.

हा तक्ता आला कुठून?

नाव ऐकून बिचकू नका. जुन्या काळी हिशेबनीस वहीची दोन पाने उघडी पसरून त्यावर आडवे-उभे रकाने आखत, त्या पसरलेल्या कागदाचे हे इंग्रजी नाव. अमेरिकेत व्यापारशास्त्र शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन या विद्यार्थ्याच्या लक्षात आले, की फळ्यावरच्या तक्त्यातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा मांडावे लागतात. हे काम यंत्राने का करू नये? त्याने बॉब फ्रँकस्टन या मित्राबरोबर १९७९ साली व्हिजिकॅल्क नावाचा प्रोग्राम बाजारात आणला. पुढे १९८३ साली लोटस आला, १९८५ साली एक्सेल आले. आज गूगल शीट्स मोबाइलवर फुकट मिळते आणि लिबरऑफिसमधले कॅल्क संगणकावर फुकट मिळते. म्हणजे पैसे घालून काही विकत आणायचे नाही.

मूळ गोष्ट तेवढीच राहिली आहे. एक आकडा बदला, बाकीचे आपोआप बदलतात. डिझेल महाग झाले, बोंबील उतरला, तर हाती काय राहील, हे होडी सोडण्याआधी कळते.

पहिला धडा : एक ओळ, एक फेरी

तक्ता उघडला की चौकटींचे जाळे दिसते. उभ्या रकान्यांना वर इंग्रजी अक्षरे, आडव्या ओळींना डावीकडे आकडे. प्रत्येक चौकटीला पत्ता असतो. डी रकान्यातली दुसरी ओळ म्हणजे डी२. घर नंबर असतो तसाच.

पहिल्या ओळीत रकान्यांची नावे लिहा, मराठीत लिहा. फेरी क्रमांक, तारीख, तिथी, डिझेल लिटर, डिझेलचा दर, डिझेलची रक्कम, बर्फ, शिधा, किरकोळ, एकूण खर्च. दुसऱ्या ओळीपासून एका ओळीत एकच फेरी. दोन फेऱ्या एका ओळीत कोंबायच्या नाहीत, मध्ये ओळ रिकामी सोडायची नाही, आणि शोभेसाठी चौकटी जोडायच्या नाहीत. एवढी शिस्त पाळली तर पुढचे सगळे सोपे.

तिथीचा रकाना कशाला, असे शहरातला मास्तर विचारील. त्याला सांगा, डोलीचा धंदा कॅलेंडरवर चालत नाही, पाण्यावर चालतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ असते, अष्टमीच्या आसपास भांग असते. वर्षभर तिथी लिहिली, तर कोणत्या दिवशीच्या फेऱ्यांत डिझेलचेही पैसे निघाले नाहीत, हे तक्ता स्वतः दाखवील. बापजाद्यांचे ज्ञान आकड्यांत उतरते ते असे.

आता सूत्र. डिझेलची रक्कम स्वतः काढून लिहायची नाही. त्या चौकटीत आधी बरोबरचे चिन्ह द्यायचे आणि मग डी२ गुणिले ई२ असे लिहायचे. गुणाकाराला फुलीऐवजी तारका वापरायची. असे : =डी२*ई२. छापताना आम्ही देवनागरीत छापले, तुम्ही पत्त्याची अक्षरे आणि आकडे इंग्रजीतच टाइप करा. एकूण खर्चाच्या चौकटीत पुढच्या चार रकमांची बेरीज : =एफ२+जी२+एच२+आय२. मग चौकटीचा कोपरा धरून खाली ओढा. तिसऱ्या ओळीत तीच सूत्रे आपोआप तिसऱ्या ओळीचे पत्ते घेतात. नव्वद फेऱ्यांचा गुणाकार एकदाच शिकवला, की झाले.

विक्रीसाठी दुसरे पान करा, कारण एका फेरीत चार जातींची मासळी येते. तिथे फेरी क्रमांक, मासळी, किलो, दर, रक्कम, कोणाला विकली, पैसे मिळाले की बाकी, असे रकाने. एका ओळीत एक जात. दोन्ही पाने फेरी क्रमांकाने जोडलेली राहतात.

आकडे बोलू लागतात

उदाहरणादाखल आकडे घेऊ. तुमचे वेगळे असतील, तुम्ही तुमचे घाला. १२० लिटर डिझेल, दर ९५ रुपये, रक्कम ११,४००. बर्फ २,४००, शिधा १,७००, किरकोळ ५००. एकूण खर्च १६,००० रुपये. मासळी आली, बोंबील ४०० किलो ४५ रुपयांनी १८,०००, जवळा १५० किलो ३० रुपयांनी ४,५००, मांदेली १०० किलो ६० रुपयांनी ६,०००. विक्री २८,५०० रुपये. खर्च जाऊन राहिले १२,५००. यातून पुढे खलाशांचे वाटे, जाळ्याची झीज, कर्जाचा हप्ता.

आता डिझेलच्या दराच्या चौकटीत ९५ च्या जागी १०० घाला. राहिलेली रक्कम ११,९०० होते. फेरीला ६०० चा फटका. पुन्हा ९५ करा आणि बोंबलाचा दर ४५ वरून ४० वर आणा. राहतात १०,५००. फटका २,००० चा. दोन्हीकडे बदल पाचच रुपयांचा, पण बोंबलाच्या भावातला पाच रुपयांचा उतार डिझेलच्या पाच रुपयांच्या वाढीपेक्षा तिपटीहून जास्त लागला. डिझेल वाढले की आपण बोंब मारतो, ती मारलीच पाहिजे. पण बोंबलाचा भाव पडला की "बाजारच मंदा" म्हणून गप्प बसतो. कोणत्या गोष्टीसाठी सोसायटीच्या सभेत आधी भांडायचे, हे या दोन चौकटींनी सांगितले.

उचलीचेही असेच पान करा. तारीख, घेतलेली रक्कम, कापलेली रक्कम, शिल्लक. शिल्लक म्हणजे वरच्या ओळीची शिल्लक अधिक घेतलेले वजा कापलेले. ५०,००० उचल घेतली, सात फेऱ्यांत दोन-दोन हजार कापले, तुमच्या तक्त्यात शिल्लक ३६,०००. व्यापाऱ्याची वही ३८,००० म्हणते. भांडायची गरज नाही. सात तारखा पुढे ठेवा आणि विचारा, यातली कोणती तुमच्या वहीत नाही? चूक त्याची असेल, कदाचित आपलीही असेल. पण ती सापडेल.

घरचे कष्ट कोणत्या रकान्यात?

शेतकरी बांधवांनो, तुमच्यासाठीही हेच. एका ओळीत एक काम : नांगरट, बियाणे, लावणी, खत, काढणी. पिकाचा खर्च मोजण्याच्या सरकारी पद्धतीत तीन पायऱ्या आहेत. खिशातून गेलेला खर्च ही पहिली. त्यात घरच्या माणसांची मजुरी धरली की दुसरी. स्वतःच्या जमिनीचे भाडे आणि भांडवलाचे व्याज धरले की तिसरी, जिला सी-२ म्हणतात. हमीभावाचा सगळा वाद यातल्या कोणत्या खर्चावर पन्नास टक्के धरायचे, यावरच आहे. त्या वादात बोलायचे तर आपल्या स्वतःच्या एकरी खर्चाचा आकडा आपल्याकडे हवा की नको?

म्हणून तक्त्यात घरच्या मजुरीचा रकाना ठेवाच. वलांडीवर बोंबील लावणारी, उलटवणारी, पाऊस आला तर धावत जाऊन गोळा करणारी बाई कोणत्या खर्चात धरली जाते? कुठल्याच नाही. ओला बोंबील विकायचा की सुकवून विकायचा, हा हिशेब तिची मजुरी धरल्याशिवाय खोटा आहे. ओल्याचे किलो, सुक्याचे किलो, लागलेले दिवस, मजुरी आणि मिळालेला दर, असे पाच रकाने एक मोसम भरा. उत्तर कोणाला विचारावे लागणार नाही.

नुकसान झाले, पुरावा काय?

आता मुख्य मुद्दा. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेले आणि होड्या-जाळ्यांचे नुकसान झाले. पंचनामे होतात तेव्हा पहिला प्रश्न येतो, पुरावा काय? अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. त्या कामात बाधित झालेल्या मच्छीमारांना भरपाई देण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे चालला. आता उत्तन ते विरार सागरी सेतूची आखणी आपल्याच दारात आली आहे. पूल व्हावा की नाही, यावर मतभेद असतील. पण उद्या कोणी अधिकारी विचारील, की इथे वर्षाला किती मासळी मिळत होती, कोणत्या जागी, कोणत्या महिन्यात, तेव्हा "भरपूर मिळायची साहेब" हे उत्तर पुरणार नाही.

एका होडीचा तक्ता म्हणजे एका घराचा हिशेब. शंभर होड्यांचा तक्ता, तोही एकाच नमुन्यात, पाच वर्षांचा, म्हणजे गावाचे म्हणणे. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगतो. आपणच भरलेला तक्ता एकटा पुरावा म्हणून टिकेलच असे नाही. डिझेलच्या पावत्या, बर्फाची बिले, व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्या जपून ठेवा आणि पावतीचा क्रमांक तक्त्यात लिहा. कागद आणि तक्ता एकमेकांना धरून असले, की त्यांना खोटे म्हणणे अवघड जाते. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. सवलती आल्या, कर्जे आली, की अर्जही येतील. अर्जात आकडे लागतील.

यंत्र हुशार नाही, आज्ञाधारक आहे

काही खड्डे आधीच दाखवून ठेवतो. चौकटीत "४०० किलो" असे लिहू नका. नुसता आकडा लिहा, किलो हे रकान्याच्या नावात. देवनागरी आकडे टाइप केले तर बहुतेक वेळा तक्ता त्यांना अक्षरे समजतो आणि बेरीज शून्य दाखवतो, म्हणून मजकूर मराठीत, आकडे इंग्रजीत. तारीख लिहिताना सांभाळा, ३ एप्रिल लिहायला जावे आणि यंत्राने ४ मार्च समजावे, असे होते. आणि बेरजेचे सूत्र शेवटच्या ओळीपर्यंत पोचले आहे का, हे दर वेळी पाहा.

ही शेवटची चूक मोठमोठ्यांची झाली आहे. राइनहार्ट आणि रोगॉफ या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० साली देशांच्या कर्जावर एक निबंध लिहिला, जगभरच्या राज्यकर्त्यांनी त्याचे दाखले दिले. २०१३ साली थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने त्यांचा तक्ता तपासला, तर सरासरीच्या सूत्रात वीस देशांपैकी पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या. इंग्लंडमध्ये २०२० साली जुन्या पद्धतीच्या तक्त्यात ओळी मावल्या नाहीत, आणि १५,८४१ कोरोना रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेली नाही. तेव्हा तक्त्यावर विश्वास ठेवा, पण महिन्यातून एकदा एखादी बेरीज बोटांवर करून पाहा.

दप्तरातल्या मंडळींना दोन शब्द

ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांनो, तुमचे नमुने तर मुळातच तक्ते आहेत. कर आकारणी, मागणी, वसुली, थकबाकी, सगळे रकान्यांतच आहे. संकेतस्थळावर माहिती भरायची ती भराच, अधिकृत नोंदवही तीच. पण सभेला जाताना स्वतःचा एक कामाचा तक्ता हाताशी ठेवा. घरपट्टी आणि पाणीपट्टीची मागील बाकी, चालू मागणी, वसूल, शिल्लक. चाळणी लावली की तीन वर्षांवरची थकबाकी एका क्षणात वेगळी होते. तीच यादी ग्रामसभेत वाचा. आणि लोकांनी माहिती मागितली तर आकड्यांचा तक्ता द्या, कागदाचा तिरपा फोटो देऊ नका, त्याची बेरीज होत नाही.

एक पथ्य मात्र कडक पाळा. लाभार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाते क्रमांक असलेला तक्ता व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नका. एका चुकीच्या बोटाने सगळ्या गावाची चावी बाहेर जाते.

शिकवायचे कोणी?

आपल्याकडे शिकलेल्यांचा तुटवडा नाही. एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम २००१ सालापासून राज्यात आहे, त्यात हा विषय शिकवतात, आणि घरोघरी मुलामुलींची प्रमाणपत्रे भिंतीवर लागली आहेत. पण प्रमाणपत्र भिंतीवर आणि घरचा हिशेब अजून व्यापाऱ्याच्या वहीत, हे काही बरे नाही. कारण शिकवताना उदाहरण असते कोणत्या तरी कंपनीच्या पगाराचे. उदाहरण आपल्या होडीचे असते, तर ते पोराच्या बापालाही समजले असते.

वारणानगरचा अनुभव इथे उपयोगी आहे. १९९८ साली तिथल्या सत्तर गावांसाठी संगणकाचा मोठा प्रकल्प सुरू झाला. स्वप्ने पुष्कळ होती. पण ऊसकऱ्याने संगणकाकडून मागितले काय, तर आपला ऊस किती टन भरला आणि पैसे किती झाले. पुढे काही गावांत हीच माहिती साध्या मोबाइलच्या संदेशावर देऊन पाहिली आणि तीही लोकांना पसंत पडली. शिकायचे ते एवढेच, की यंत्र मोठे असण्याला किंमत नाही, आकडा आपल्या कामाचा असण्याला आहे.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. पावसाळी बंदीत होड्या किनाऱ्यावर असतात. जाळी विणता विणता रोज एक तास काढा. मच्छीमार सोसायटीने खोली द्यावी, कॉलेजातल्या पोरांनी शिकवावे, आणि पहिल्या रांगेत बायकांना बसवावे, कारण विक्रीचा पैसा त्यांच्याच हातातून फिरतो. सोसायटीने सगळ्या होड्यांसाठी एकच नमुना ठरवून द्यावा. कोणाचा आकडा कोणाला दाखवायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. सक्ती नको. भातलावणी आटोपलेल्या गावांनीही पोळ्यापर्यंत हेच करावे.

पहिल्या दिवशी फक्त चार रकाने करा. तारीख, काय गेले, काय आले, काय राहिले. बाकीचे हळूहळू सुचते. व्यापाऱ्याची वही त्याच्याजवळ राहू द्या, तिच्याशी आपले वैर नाही. फक्त ती एकटीच नसावी. तिच्या शेजारी आपलीही वही असावी, आणि मोसम संपल्यावर दोन्ही वह्या समोरासमोर ठेवून बोलता यावे, एवढेच.